वेठ, अरण्य आणि साधनशुचिता

विज्ञानकथा म्हणजे पलायनवादी करमणूक, असे समजून ती बाजूस सारण्याची सवय पुरोगामी वाचकास जडलेली आहे. परग्रहावरील वसाहती, शूर कप्तान, रानटी मूळ रहिवासी हे सारे साम्राज्यशाहीचेच नवे पोवाडे होत, असा त्याचा समज. आणि अशा कथांच्या मोठ्या राशीविषयी तो अगदीच खोटा नाही. परंतु उर्सुला ल ग्विन या अमेरिकन लेखिकेची 'द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट' ही लघुकादंबरी त्या राशीत टाकणे अन्यायाचे होईल. व्हिएतनामच्या युद्धाने अस्वस्थ होऊन त्यांनी ती १९६८ साली लंडनमध्ये लिहिली. प्रसिद्ध झाली १९७२ साली.

पृथ्वीवरील अरण्ये संपली आहेत. लाकडास सोन्याहून अधिक मोल आले आहे. म्हणून सत्तावीस प्रकाशवर्षे दूरच्या एका ग्रहावर माणसे तोडीसाठी उतरतात आणि त्याचे नाव 'न्यू ताहिती' ठेवतात. मूळ रहिवासी मीटरभर उंचीचे, हिरव्या लवेचे. त्यांच्या भाषेत 'अथ्शी' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत : अरण्य आणि जग. वसाहतवाले त्यांना गोठ्यांत कोंडून राबवितात, आणि सरकारदप्तरी या वेठीस 'स्वेच्छाश्रम' म्हणतात. वेठ मोडण्यासाठी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात उठलेल्या वारल्यांना या शब्दाची खोच समजावून सांगावी लागली नसती.

कादंबरीतील सर्वांत अस्वस्थ करणारे पात्र क्रूरकर्मा कॅप्टन डेव्हिडसन हे नव्हे; ते आहे ल्युबोव्ह हा मानवशास्त्रज्ञ. तो सज्जन आहे. तो तेथील भाषा शिकतो, सेल्व्हर या अथ्शीवासीयाचा मित्र होतो, डेव्हिडसनच्या हातून त्याचे प्राण वाचवितो. तो अहवालही लिहितो, आणि लाकडाच्या मागणीपुढे त्या अहवालांचे काहीही चालत नाही. पुढे दूरच्या ग्रहांशी तत्क्षणी बोलता येईल असे यंत्र येते, पृथ्वीवरून वेठ थांबविण्याचा हुकूम सुटतो. तर डेव्हिडसन तो हुकूमच बनावट ठरवून गावे जाळीत सुटतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावे घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजविणाऱ्या कार्यकर्त्यास हुकूम आणि अंमल यांतील हे अंतर नवे वाटणार नाही.

अथ्शीवासीयांना खून ठाऊक नव्हता. स्वप्न आणि जागृती दोन्ही त्यांच्या लेखी सारखीच खरी. नवी गोष्ट स्वप्नातून जगात आणणाऱ्यास ते देव म्हणतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ दुभाषी असा आहे. डेव्हिडसनच्या बलात्काराने जिची पत्नी मेली तो सेल्व्हर असा देव होतो, आणि जी नवी गोष्ट आणतो ती हत्या. वसाहतीवरील हल्ल्यात स्त्रियाही मारल्या जातात; शत्रूची संतती वाढू नये, एवढ्या थंड हिशेबाने. त्याच रात्री ल्युबोव्हही मरतो.

येथे साधनशुचितेचा प्रश्न उभा राहतो, आणि लेखिका त्यास सोपे उत्तर देत नाही. सेल्व्हरचा लढा नसता तर अरण्य उरले नसते, हे ती लपवीत नाही. ज्यांच्या अहवालांनी एकही झाड वाचले नाही, त्यांना पीडितांस अहिंसा शिकविण्याचा अधिकार कितपत पोहोचतो? तरीही विजयाचा जल्लोष ती लिहीत नाही, हे तिचे मोठेपण.

कादंबरीत एक उणीव आहे. डेव्हिडसन इतका काळाकुट्ट रंगविला आहे की सारी वसाहतशाही एका विकृत माणसाच्या माथी मारण्याची सोय वाचकास होते. प्रत्यक्षात लाकडाचा बाजार चालविण्यास विकृत माणसे लागत नाहीत. हिशेब चोख ठेवणारी, घरी मुलांवर माया करणारी माणसे पुरतात. कर्नल डोंघ हा अधिकारी तसा आहे, पण त्याच्याकडे लेखिका फारशी वळत नाही.

शेवटी डेव्हिडसन हाती सापडतो, परंतु सेल्व्हर त्यास मारीत नाही. ज्या बेटावरची सारी झाडे वसाहतवाल्यांनी तोडून नेली, त्या उजाड बेटावर त्यास एकटे सोडले जाते. तीन वर्षांनी जहाज येते आणि उरलेली माणसे ग्रह सोडून जातात. निघण्यापूर्वी एक पाहुणा विचारतो, तुम्ही आता आपसांत तर मारामाऱ्या करीत नाही ना? मारणे आपल्याला ठाऊकच नाही असे सोंग आता घेता येणार नाही, असे सेल्व्हर त्यास सांगतो.