तपासणी रस्त्यावर नको, यार्डात हवी

सभासद बंधूंनो,

गळीत हंगाम सुरू झाला की आर.टी.ओ.ने उसाच्या गाड्या अडवल्याची तक्रार येतेच. "आमच्याच गाड्या दिसतात का?" असं मंडळी विचारतात. पण रात्री वळणावर बंद पडलेली, मागे दिवा ना रिफ्लेक्टर अशी ट्रॉली मोटारसायकलवाल्याला धडकेपर्यंत दिसत नाही, त्याचं काय?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. जादा भाराला २०,००० रुपये, शिवाय वरच्या दर टनाला २,००० रुपये दंड त्यात आहे. कायदा कडक आहे. पण पावती फाडून गाडी तशीच पुढे सोडली, तर ती नुसती वसुली झाली.

माझं मत असं, की सरकारी तपासणी हंगामाआधी कारखान्याच्या यार्डातच व्हावी. मागे तांबडे, पुढे पांढरे रिफ्लेक्टर, दिवे, ब्रेक, ट्रॉलीचा जोड पाहूनच वाहतुकीचे करार करावेत. भाडं टनावर मिळतं, म्हणून वाहतूकदार गाडी दाबून भरतो. तेव्हा फडात गाडी भरताना आपण उभं राहावं, जादा मोळ्या चढू देऊ नयेत. ऊस आपला, आणि त्या रस्त्यानं जाणारी माणसंही आपलीच.

— ऊस विकास अधिकारी