वजनावरचें जेवण आणि आमचें सोवळें

हॉटेलांत जाऊन स्वतःच्या हातानें जिन्नस उचलावे, ते काट्यावर तोलून त्यांचे पैसे भरावे आणि मग कोणी शिजवून देईल म्हणून वाट पाहत बसावें, याला जेवण म्हणावें कीं बाजारहाट? नव्या मुंबईंतील सुशिक्षित मंडळींच्या बैठकींत चिनी पद्धतीच्या ‘मालाथांग’ भोजनाविषयीं हा प्रश्न आम्हीं अलीकडेच ऐकला. विचारणारे गृहस्थ समंजस होते आणि ऐकणाऱ्यांनीं माना डोलविल्या. म्हणूनच त्याचा परामर्श घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. या पद्धतीवर घेतले जाणारे तीन मुख्य आक्षेप लंगडे आहेत. आणि जो चौथा आक्षेप घ्यावयास हवा, तो त्या पद्धतीवर नसून आपणां सर्वांवर आहे.

ज्यांनीं हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें वर्णन करणें जरूर आहे. एका लांब फळीवर पालेभाज्या, अळंबीं, कमळकाकडीचे काप, टोफू, माशांचे गोळे, मांसाचे पातळ तुकडे, निरनिराळ्या शेवया असे जिन्नस मांडलेले असतात. गिऱ्हाइकानें एक वाडगा व चिमटा घ्यावा, हवें तें हवें तेवढें वेंचावें, काट्यावर ठेवावें, रश्श्याचा तिखटपणा सांगावा आणि बसावें. थोड्या वेळानें तेंच सारें उकळत्या रश्श्यांतून शिजून समोर येतें. ‘मा’ म्हणजे बधिर करणारें, ‘ला’ म्हणजे तिखट आणि ‘थांग’ म्हणजे उकळत्या पाण्यांत घालून काढणें. सच्वान प्रांतांतील नदीकांठच्या नावाड्यांनीं थंडी-ओलाव्यावर उतारा म्हणून हें अन्न प्रचारांत आणलें, अशी त्याची उत्पत्ति सांगतात. तोलून पैसे घेण्याची रीत ईशान्य चीनमधील दुकानांनीं रूढ केली. २०२४ च्या वसंत ऋतूंत तर गान्सू प्रांतांतील थ्येनश्वेई या गांवीं केवळ तेथील मालाथांग चाखण्यासाठीं देशभरांतून लोकांची रीघ लागली होती. म्हणजे हें मूळचें कष्टकऱ्यांचें अन्न आहे. दरबारी पक्वान्न नव्हे.

पहिला आक्षेप परकेपणाचा. हें चिनी अन्न आपल्या जिभेचें नव्हे, असें म्हणणाऱ्या गृहस्थांनीं येत्या एकादशीस आपल्या ताटाकडे नीट पाहावें. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे चारही पदार्थ मूळचे अमेरिका खंडांतले. सोळाव्या शतकापूर्वीं या देशांत त्यांचें नांवही कोणास ठाऊक नव्हतें. आमच्या उपासाची खिचडी ज्यांच्यावर उभी आहे तेच जर परदेशस्थ, तर शेवयांनीं आणि टोफूनें कोणतें पाप केलें? सच्वानांतील मिरची तरी कोठें तिथली आहे? तीही अमेरिकेंतूनच गेलेली. उलट जिभेला झिणझिण्या आणणारा जो तिथला खास मसाला, तो मिरीचा सोयरा नसून लिंबाच्या कुळांतला आहे; आणि कोंकण-गोमंतकांत बांगड्याच्या आमटींत पडणारें आमचें तिरफळ त्याचें सख्खें भावंड आहे. वनस्पतिशास्त्र दोघांनाही एकाच गणांत घालतें. ज्या घरांत तिरफळाची आमटी पिढ्यान् पिढ्या होते, त्या घरानें ‘मा’ या चवीला परकी म्हणावें, ही मोठी मौज आहे.

आणखी एक मौज. ज्याला आपण इतकीं वर्षें चिनी म्हणून आवडीनें खाल्लें, तें बहुतांशीं येथेंच जन्मलें. चिकन मांचुरियन हा पदार्थ नेल्सन वाँग यांनीं १९७५ सालीं मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्यें सिद्ध केला, असें प्रसिद्धच आहे. आणि चायनीज भेळ चीनमध्यें शोधावयास गेल्यास हात हलवीत परत यावें लागेल. मुंबईचा पदार्थ चिनी म्हणून चाललां, तेव्हां कोणास धर्म आठवला नाहीं. खरा चिनी पदार्थ दारीं आला, तेव्हां मात्र संस्कृतीची चिंता उत्पन्न झाली!

दुसरा आक्षेप असा कीं, पैसे आम्ही द्यावे आणि चाकरीही आमचीच आम्ही करावी, हा कोठला न्याय? याच्या मागें पंगतीच्या आग्रहाची आठवण आहे. ती आठवण गोड आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्या पंगतींत वाढीत कोण होतें, आणि सर्वांचीं पानें उठल्यावर गार भात घेऊन कोण बसत होतें, याचीही आठवण ज्याला नाहीं त्यानें पंगतीची थोरवी सांगूं नये. आग्रह पुरुषांस झाला. उरलेलें बायकांस मिळालें. नव्या मुंबईंतील अशा एका भोजनगृहांत आम्हीं सासरे, सून आणि नात यांना हातांत वाडगे घेऊन एकाच रांगेंत उभीं असलेलीं पाहिलीं. सुनेनें आपल्या वाडग्यांत आपल्याला हवें तें घेतलें. कोणाचें काय उरलें हें तिला पाहावें लागलें नाहीं. एवढ्या एका दृश्यासाठीं आम्ही आग्रहाचे दहा लाडू सोडावयास तयार आहों.

शिवाय काट्यावर ठेवलेला वाडगा माणसाला स्वतःची हांव मोजून दाखवितो. लग्नाच्या बुफेंत ताट ओसंडून भरावें आणि अर्धें टाकून द्यावें, हा जो निर्लज्जपणा आपल्या वर्गांत बोकाळला आहे, त्याला तोलाइतकें उत्तम औषध दुसरें नाहीं. मात्र तोल खरा असला पाहिजे. येथें मालकवर्गाचीही गय करण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. २००९ च्या वैध मापनशास्त्राच्या कायद्यानें व्यापारी काट्याची तपासणी आणि मुद्रांकन आवश्यक केलें आहे. तेव्हां काटा गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर असावा, रिकाम्या वाडग्याचें वजन वजा व्हावें, आणि शंभर ग्रॅमचा दर ठळक लिहिलेला असावा. जेथें साऱ्या जिन्नसांस एकच दर असतो तेथें कोबीलाही कोळंबीचा भाव पडतो, हें गरीब शाकाहाऱ्यानें ओळखून असावें. आणि ‘स्वयंसेवा’ या शब्दाला कोणी भुलूं नये. भाज्या चिरणारे, रस्सा ढवळणारे, भांडीं घासणारे हात आंत आहेतच. वाढपी दिसेनासा झाला म्हणून श्रम नाहींसे झाले नाहींत. वाढप्याचा खर्च वांचला असेल, तर त्याचा कांहीं अंश त्या हातांच्या वेतनांत दिसला पाहिजे. बिलांत सेवाशुल्क परस्पर घालूं नये असें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं बजावलें आणि दिल्ली उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें तें उचलून धरलें. तेव्हां जेथें सेवाच नाहीं तेथें तरी असल्या शुल्काचें नांव निघूं नये.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक, आणि म्हणून सर्वांत महत्त्वाचा. ‘कोणाकोणाचे हात लागलेले जिन्नस, आणि कोणाकोणासाठीं उकळणारें तें पातेलें!’ यांत दोन निराळ्या गोष्टींची भेसळ आहे. ती निवडली पाहिजे. चिमटे स्वच्छ असावे, जिन्नस झांकलेले व थंड राखलेले असावे, मांसाचा रस्सा आणि भाजीचा रस्सा यांचीं पातेलीं आणि झारे वेगळे असावे, अशी मागणी ही स्वच्छतेची व सचोटीची मागणी आहे. शाकाहारी माणसानें ती निःसंकोच करावी आणि मालकानें ती पाळावी. परंतु शेजारीं उभा असलेला माणूस कोण, या शंकेनें ज्याचा घास अडतो, त्याचा आक्षेप स्वच्छतेचा नसून जुन्या सोवळ्याचा आहे. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें १८९० सालीं चहापान झालें म्हणून केवढें ग्रामण्य माजलें, आणि न्यायमूर्ति रानड्यांसारख्यांसही अखेर प्रायश्चित्त घ्यावें लागलें, हें महाराष्ट्र विसरलेला नाहीं. गंगाराम कांबळे यांनीं कोल्हापुरांत सत्यसुधारक हॉटेल काढलें, तेव्हां शाहू छत्रपति स्वतः तेथला चहा घेत आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही तो घ्यावयास लावीत. एक कप चहासाठीं राजाला एवढा आग्रह धरावा लागला. आज कोणीही न सांगतां आपण अनोळखी माणसांच्या रांगेंत उभे राहून त्याच फळीवरचें अन्न उचलतों. ही प्रगति लहान नव्हे. वारकऱ्यांच्या काल्यांत सर्वांच्या शिदोऱ्या एक होत. जें भक्तीनें वर्षांतून एकदां साधलें तें येथें भुकेनें रोज साधतें.

आतां चौथा आक्षेप. हा आम्हीच घेतों. ही उदारबुद्धि आपण पैसे भरून तासाभरापुरती विकत घेतों आणि घरीं येतांना तेथेंच ठेवून येतों. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गांवांच्या जमिनीवर हें शहर वसविण्यांत आलें. त्या जमिनींच्या रास्त मोबदल्यासाठीं १९८४ च्या जानेवारींत जासई-दास्तान भागांत जें आंदोलन झालें, त्यांत पांच जणांचे प्राण गेले. त्या गांवांतील आगरी-कोळी कुटुंबांचें नित्याचें अन्न म्हणजे सुकट, बोंबील, जवळा. मॉलमधल्या वाडग्यांत माशांचे गोळे कौतुकानें वेंचणारें कुटुंब जिन्यांत सुकटाचा वास आला कीं संस्थेच्या चिटणिसाकडे तक्रार घेऊन जातें. घर भाड्यानें देतांना ‘तुम्ही काय खातां?’ हा प्रश्न आडनांवाच्या जागीं विचारतें. आणि मोलकरणीचा कप निराळ्या खुंटीला अडकवितें. चिनी नावाड्याचें अन्न चालतें, शेजारच्या कोळियाचें चालत नाहीं! तें चालतें, कारण त्याचे पैसे मोजलेले असतात आणि तो नावाडी फार दूर असतो.

म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच आहे कीं, त्यांनीं या भोजनगृहांत खुशाल जावें, काटा नीट पाहावा, लागेल तेवढेंच घ्यावें आणि घेतलेलें संपवावें. पण परत आल्यावर मोलकरणीचा कप आपल्या कपांत ठेवावा, आणि शेजारणीच्या जवळ्याविरुद्ध लिहिलेला तक्रारअर्ज फाडून टाकावा. एवढें ज्यांच्यानें होणार नाहीं, त्यांनीं मालाथांगवर टीका करण्याचे कष्ट घेऊं नयेत. त्यांचें सोवळें त्या रश्श्यानें बाटण्याइतकें नाजूक मुळींच नाहीं.