आधी मोजमाप, मग सराव

हकीम असो वा डॉक्टर, तो आधी रुग्णाची नाडी पाहतो आणि मगच औषध देतो. खेळाच्या मैदानावर आपण उलटे करतो. कोणाचा दम कमी, कोणाचे पाय कच्चे, हे न पाहता साऱ्या वर्गाला मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावतो. माझ्या मते ही पद्धत बदलली पाहिजे.

शरीराची क्षमता मोजणे अवघड नाही. अमेरिकेच्या हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली एक सोपी चाचणी जगापुढे मांडली. १२ मिनिटांत माणूस जास्तीत जास्त किती अंतर धावतो, एवढेच मोजायचे. त्यावरून त्याच्या हृदयाच्या व फुप्फुसांच्या ताकदीचा अंदाज येतो. वेग पाहण्यासाठी ५० मीटर धाव आहे. पायांचा जोर पाहण्यासाठी जागेवरून लांब उडी आहे. यासाठी एक घड्याळ, एक टेप आणि थोडी फक्की पुरे.

पण ताप मोजला म्हणून ताप उतरत नाही. आकडा वहीत लिहिला आणि सराव तसाच ठेवला, तर चाचणी वाया गेली. कबड्डीचेच पाहा. चढाई ३० सेकंदांची असते, पण सामना बराच वेळ चालतो. एक खेळाडू ५० मीटर झपाट्याने धावतो, पण १२ मिनिटांच्या धावेत मागे पडतो. त्याने दम वाढवणारी लांब धाव घ्यावी. दुसऱ्याचा दम चांगला आहे, पण वेग कमी आहे. त्याने छोट्या, वेगवान धावा व उड्या यांचा सराव करावा. सहा ते आठ आठवड्यांनी त्याच मैदानावर, त्याच वेळी पुन्हा चाचणी घ्यावी. सराव योग्य होता की नाही, ते तेव्हा कळेल.

काही जण म्हणतात, "जो चाचणीत नापास, त्याला संघातून काढा." हे मला पटत नाही. २० मीटर अंतरावर वाढत्या वेगाने ये-जा करण्याची 'यो-यो' नावाची एक चाचणी आहे. २०१८ साली गोलंदाज मोहम्मद शमी या चाचणीत कमी पडले आणि अफगाणिस्तानविरुद्धचा कसोटी सामना त्यांना खेळता आला नाही. त्याच वर्षी ते इंग्लंडमध्ये पाच कसोटी सामने खेळले आणि त्यांनी १६ बळी घेतले. एका निकालावरून त्यांना कायमचे बाद केले असते, तर नुकसान कोणाचे झाले असते?

शाळेत तर अधिकच जपले पाहिजे. मुलांचे आकडे फळ्यावर लिहून कोणाची थट्टा होऊ देऊ नये. ज्याचा त्याचा आकडा ज्याच्या त्याच्या वहीत राहावा. मुलींच्याही चाचण्या व्हाव्यात आणि त्यांनाही सरावासाठी मैदान मिळावे.

विद्यार्थी मित्रांनो, शेजारचा किती धावला, हे विचारू नका. मागच्या वेळी आपण किती धावलो होतो, ते वहीत पाहा आणि पुढच्या सरावाला लागा.