तर्क म्हणजे तपास नव्हे

सतीश शेट्टी यांच्या खुनाचा सूत्रधार कोण, हे ठामपणे सांगणारे पत्र वाचून वाईट वाटले. माहिती अधिकार कार्यकर्ते शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे सकाळी फिरायला गेले असताना हत्या झाली. सीबीआयनेही पुढे प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. तरी पत्रलेखक निव्वळ ऐकीव गोष्टींवरून नाव घेतात! आमच्या कॅम्प २ मधल्या गोल मैदानातही संध्याकाळी बाकांवर, एकमेकांसमोर मोबाइल धरून असेच निकाल लागतात. आरुषी या मुलीच्या हत्येच्या प्रकरणात लोकांनी तिच्या आईवडिलांना केव्हाच दोषी ठरवले होते; २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. शेट्टी कागद मिळवल्याशिवाय आरोप करत नसत. कोणाकडे खरोखर माहिती असेल, तर त्याने ती लेखी स्वरूपात तपास यंत्रणेकडे द्यावी.

— एक वाचक, उल्हासनगर कॅम्प २