मत आपले, कासरा दुसऱ्याच्या हाती



जांब्यात (ता. मुळशी) बसून आम्ही हे लिहीत आहोत. इथून पश्चिमेला मुळशीचे धरण आहे. मुलूख भाताचा. कपाशी-ज्वारीवाला विचारील, आमचा इथे काय संबंध? संबंध आहे.

1921 साली मुंबई इलाख्यात नवे कायदेमंडळ बसले. निवडून आलेल्या सभासदांतून मंत्री झाले. मत मात्र सगळ्यांना नव्हते. बरासा सारा भरणाऱ्यालाच होते. शेती आणि सहकार ही खाती मंत्र्याला मिळाली. शेतसारा, पाटबंधारे, पोलीस आणि तिजोरी गव्हर्नरच्या माणसांकडे राहिली. बैल मंत्र्याचा, कासरा गव्हर्नरचा!

त्याच वर्षी रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी 1894 च्या कायद्याने जमिनी घेतल्या जात होत्या. सेनापती बापट पुढे झाले, तुरुंगात गेले. लढा 1924 पर्यंत चालला. कायदेमंडळ होते, पण जमीन वाचली नाही.

मावळात जमीन गेली, कोरडवाहूत भाव गेला. पहिल्या महायुद्धापूर्वी रुपया 16 पेन्सांचा होता. 1927 च्या कायद्याने तो 18 पेन्सांना बांधला. हिशेब करा. विलायतेत कापसाचे 144 पेन्स आले, तर जुन्या दराने 9 रुपये होतात, नव्या दराने 8. कापूस तोच, घाम तोच, नववा हिस्सा गायब. सारा आणि सावकाराचे व्याज मात्र रुपयातच भरायचे. 1929 नंतरच्या मंदीत उरलेला भावही कोसळला. मुंबईच्या शेतीमंत्र्याच्या हातात यातले काहीच नव्हते.

1937 साली खेर मंत्रिमंडळ आले. 1939 साली शेतकऱ्याच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याच वर्षी व्हाइसरॉयने कुणा मंत्र्याला न विचारता देश लढाईत ओढला. नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि कारभार पुन्हा गव्हर्नरकडे गेला.

असली लोकशाही हवी कशाला, एक खमक्या माणूस बसवा, असे म्हणणारे आपल्यातही भेटतात. त्यांनी जर्मनीकडे पाहावे. तिथेही 1928 च्या सुमारास शेतमालाचे भाव पडले, शेते लिलावात निघाली. श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांतातले शेतकरी काळा झेंडा घेऊन उठले. जुलै 1932 मध्ये त्या प्रांतात निम्म्याहून अधिक मते हिटलरच्या पक्षाला पडली. 1933 मध्ये त्याने काय दिले? माल कुठे, किती भावाने विकायचा हे सरकार ठरवू लागले. वारसा-शेतीच्या कायद्यात आलेल्या शेतकऱ्याला आपलेच शेत विकण्याची, गहाण टाकण्याची मुभा उरली नाही. चूक झाली म्हणून पुन्हा मत द्यायची सोयही संपली.

आज प्रत्येकाला मत आहे, गव्हर्नर गोरा नाही. तरीही ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क नुसत्या अधिसूचनांनी उठले, ते वर्षअखेरपर्यंत. वेचणीच्या तोंडावर! संसदेत मतदान झाले नाही. ज्याच्या बोंडाचा भाव ठरला, त्याला कुणी विचारले नाही.

म्हणून मत मागायला येईल त्याला कर्जमाफी किती देणार, हे विचारू नका. एकच विचारा: कापसाच्या आयात-निर्यातीचा निर्णय पेरणीपूर्वी सभागृहात मताला टाकणार की नाही? उत्तर लेखी घ्या, गावाच्या चावडीवर लावा.

मत टाकून देऊ नका, विकूही नका. त्या मताच्या बदल्यात कासरा मागा.