कोड फोल्डरात, मराठी शीटवर

वाशिम जिल्ह्याचे तालुके सहा: वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. 2018पासून जिल्हा केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, त्यामुळे दरमहा आकडे जमवण्याची सवय इथल्या टेबलांना आहे. अशा कामाची एक्सेलची एक मॅक्रो फाइल सहा ठिकाणी पाठवा. वर्षभरात तिच्या सहा वेगळ्या फायली होतात. एकीकडे बेरीज दुरुस्त झालेली असते, दुसरीकडे जुनीच चूक छापून येत राहते.

यावर तोडगा जुनाच. कोड वर्कबुकात अडकवू नये. प्रत्येक मॉड्यूल वेगळी फाइल म्हणून एका फोल्डरात ठेवावे आणि छोट्या मॅक्रोने ती सगळी आयात करावीत. मात्र जुने मॉड्यूल काढायला सांगितले तरी मॅक्रो संपेपर्यंत ते खरोखर जातेच असे नाही. मग ‘टोटल’ नावाचे नवे मॉड्यूल ‘टोटल1’ नावाने येऊन बसते. म्हणून आधी जुन्याचे नाव बदला, मग ते काढा. शीटमागचा कोड आयात केल्यास क्लास मॉड्यूल होतो. तिथे ओळी पुसून नव्याने भराव्या लागतात.

आपल्याला खरा त्रास देवनागरीचा. मॅक्रोंची भाषा असलेल्या व्हीबीएचा एडिटर युनिकोड पाळत नाही आणि विंडोजच्या जुन्या एएनएसआय कोडपेजांत (अक्षरतक्त्यांत) देवनागरीला जागाच नाही. कोडमध्ये ‘एकूण’ लिहिले की प्रश्नचिन्हांची रांग मिळते; बाहेरच्या एडिटरमध्ये लिहून आयात केले तर भलतीच अक्षरे. त्यापेक्षा सारे मराठी शब्द एका शीटच्या खान्यांत ठेवा, कोडने ते तिथून उचलावेत. शीटलाही टॅबवरच्या मराठी नावाने नव्हे, व्हीबीए एडिटरमध्ये दिलेल्या कोडनेमने हाक मारा.

मॉड्यूलांच्या या आयातीसाठी एक्सेलच्या ट्रस्ट सेंटरमध्ये व्हीबीए प्रोजेक्टला हात लावण्याची परवानगी द्यावी लागते. ती तालुक्यातल्या प्रत्येक संगणकावर उघडी ठेवायला आमचा स्पष्ट विरोध आहे. कोणतीही उपटसुंभ मॅक्रो मग दुसऱ्या फायलींत कोड घुसवू शकते. आयात एकाच संगणकावर करा, तिथे अ‍ॅड-इन (एक्सेलला जोडता येणारी मॅक्रोंची फाइल) तयार करा आणि तेवढेच पाठवा. मराठी शब्दांचे शीट त्यातच मावते, तालुक्याचे आकडे तालुक्याच्या फाइलमध्ये राहतात.

अ‍ॅड-इन पाठवताना एक अडथळा लक्षात ठेवा: 2022पासून मायक्रोसॉफ्ट इंटरनेटवरून उतरवलेल्या फायलींतल्या मॅक्रो रोखते. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’वर खूण करायची, हे सोबतच्या सूचनेत पहिल्याच ओळीत लिहा. नाहीतर ऑपरेटर ‘चालत नाही’ म्हणून मुकाट्याने जुनीच फाइल उघडतो.