आधी कान, मग बंदूक

या आठवड्यात एक पत्र आलं. लिहिणारा मुलगा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, व्हॅलोरंट हा बंदुकांचा ऑनलाइन खेळ खेळतो आणि कित्येक महिने आयर्न या सगळ्यात खालच्या रँकमध्येच रुतून बसलाय. सिटी सेंटरकडच्या एका गेमिंग कॅफेत त्याला सल्ला मिळाला, ‘रोज दोन तास नुसता एमचा, निशाण्याचा सराव कर, बाकी सगळं आपोआप येईल.’ पोरानं तो इमानेइतबारे पाळला. नवा माउस घेतला, एका नामांकित खेळाडूची सेन्सिटिव्हिटी दशांशासकट उतरवून घेतली. मनगट दुखायला लागलं, रँक जागची हलली नाही. आता तो विचारतोय, सरावाचे तास आणखी वाढवू का?

नको, बाळा. एक मिनिटही वाढवू नकोस. असा सल्ला देणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्यात मुलाच्या कष्टाची किंमत कुणीच करत नाही. तो हरतो ते मेहनत कमी पडते म्हणून, असं त्याला सांगितलं जातं. मग तो जास्त खेळतो, जास्त हरतो आणि शेवटी आपल्या बोटांतच खोट आहे अशी समजूत करून घेतो.

जरा हिशेब मांडू. व्हँडल रायफलची गोळी डोक्यात लागली तर 160 चं नुकसान करते, अंतर कितीही असो. समोरच्याचं आयुष्य 100, जड कवच घेतलं असेल तर आणखी 50. म्हणजे एक गोळी पुरते. ज्याला एकच गोळी मारायची आहे त्याला विजेसारख्या मनगटाची गरज नाही. शत्रू ज्या कोपऱ्यावरून बाहेर येणार त्या कोपऱ्याशी, डोक्याच्या उंचीवर, आपला क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायची खूण, आधीपासून असला पाहिजे. तो असला की माउस फार तर बोटभर हलवावा लागतो. आयर्न आणि ब्राँझमधल्या मुलांचा क्रॉसहेअर कुठे असतो ते पाहिलंय? फरशीवर. शत्रू दिसला की फरशीवरून छातीपर्यंत, छातीवरून डोक्यापर्यंत धावपळ, आणि तीही पळता पळता. व्हँडल हातात घेऊन पळत गोळी झाडली की ती भरकटतेच, खेळाची रचनाच तशी आहे. थांबायचं, मग मारायचं. या दोन गोष्टी निशाण्याच्या सरावखोलीत कळत नाहीत, कारण तिथं कोपरेही नसतात आणि वाट पाहणंही नसतं.

मग कळतात कुठे? बघून. हात बांधून, गप्प बसून, दुसऱ्याचा खेळ बघून. आणि हे मी ग्वाल्हेरात बसून सांगतोय याला कारण आहे. या गावानं शिकण्याची ती रीत अख्ख्या हिंदुस्थानाला घालून दिली आहे.

हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या गवयांची आख्यायिका इथल्या मराठी घरांत अजून सांगतात. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमद खाँ गात. तानेत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नत्थन पीरबक्षांचे हे दोघे नातू तेव्हा कोवळे होते, पण आजोबांच्या तालमीत गळा तयार झालेला. दुसऱ्या घराण्याच्या पोरांना खाँसाहेब आपली तान कशाला देतील? तेव्हा महाराजांनी युक्ती केली. खाँसाहेब गायला बसले की या दोघांना पडद्याआड बसवायचं. असे कित्येक महिने गेले. दोघे रोज ऐकत आणि घरी येऊन ऐकलेलं गळ्यात उतरवत. पुढे एके दिवशी दरबारात दोघांनी ती गायकी खुद्द बडे महंमद खाँसाहेबांपुढे गाऊन दाखवली, आणि खाँसाहेब संतापून दरबार सोडून गेले. आज आपण ज्याला ग्वाल्हेर घराण्याची गायकी म्हणतो, तिच्या तानेत त्या पडद्यामागच्या महिन्यांचा मोठा वाटा आहे असं मानतात.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक चोरीवर थांबतात. मला त्यातलं वेगळंच दिसतं. पडद्यामागे बसलेल्या पोरांना गुणगुणायचीसुद्धा सोय नव्हती. आवाज फुटला असता तर सगळा डाव उधळला असता. गळा तयार, उत्साह उतू चाललेला, आणि तरी तोंड बंद. त्यामुळे त्यांनी तान ऐकली ती अख्खी ऐकली: कुठून उठते, श्वास कुठे घेतला, समेवर यायच्या आधी खाँसाहेब काय गाळतात. हात चालू असला की डोळा निम्मं सोडून देतो. नवशिक्या खेळाडूची गत नेमकी ही आहे. सामन्याच्या धांदलीत आपण कशामुळे मेलो ते त्याला दिसतच नाही. ‘समोरचा भारी होता’ एवढंच वाटतं.

आपल्या मुलांना तर पडद्याचीही गरज नाही. जगातले अव्वल खेळाडू सामने उघडपणे दाखवतात, आणि 2025 मध्ये व्हॅलोरंटच्या आतच रिप्लेची सोय आली. आपलाच हरलेला सामना परत लावता येतो, दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघता येतो. ही सोय येण्याआधीपासून मी या सदरात ‘आपलं मरण परत बघा’ म्हणत आलोय. आता सोय दारात येऊन उभी आहे आणि मुलं पुढच्या सामन्याचं बटण दाबतात. हरलेला एकच सामना घ्या. प्रत्येक वेळी मेलात की रिप्ले मरणाआधी दहा सेकंदांवर न्या आणि एवढंच बघा: मी पळत होतो का, गोळ्या भरत होतो का, एकटाच पुढे गेलो होतो का, क्रॉसहेअर कुठे होता? नंतर तोच क्षण ज्यानं मारलं त्याच्या बाजूनं बघा. तो बहुतेक वेळा उभाच होता, वाट बघत. त्याची बोटं तुमच्यापेक्षा जलद नव्हती. तुम्ही येणार हे त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याला कसं कळलं हे शोधणं म्हणजेच पुढची रँक.

आख्यायिकेचा उत्तरार्ध मात्र मुलांना कुणी सांगत नाही. दरबार सोडून गेलेले बडे महंमद खाँ पुढे एका मैफलीत हस्सू खाँना भेटले, आणि त्यांनी ‘कडक बिजली’ची तान पुन्हा घ्यायला लावली. अतिशय अवघड, छातीवर ताण देणारी तान. घेता घेता हस्सू खाँच्या तोंडातून रक्त आलं आणि त्यातच ते गेले, असं घराण्यात सांगतात. घटना अशीच घडली की पिढ्यांनी ती रंगवली, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. पण गुरूंनी ती पिढ्यान्पिढ्या शिष्यांना सांगितली, ती त्यांना जपण्यासाठी. दुसऱ्याची सगळ्यात चमकदार जागा उचलायला जाऊ नकोस, आधी त्याचा साधा आलाप उचल.

आणि आपली मुलं नेमकी कडक बिजलीच उचलतात. जेट ही एजंट, म्हणजे खेळातलं पात्र, हवेत झेपावते, सुरा फेकते, तिघांना लोळवते, अशा तीस सेकंदांच्या चित्रफिती बघून आयर्नमधला मुलगा जेट घेतो. रेना घेतो. रेनाच्या महत्त्वाच्या दोन शक्ती शत्रू पडल्यावरच जाग्या होतात. ज्याच्या हातून शत्रू पडतच नाही त्याच्यासाठी तिचे हात जवळपास रिकामेच. 2022 मध्ये हार्बर हा भारतीय एजंट आला तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी अभिमानानं तो निवडला. तो अभिमान मला आवडतो. पण पाण्याची भिंत कुठे उभी करायची हे नकाशा अंगात मुरल्याशिवाय समजत नाही, आणि चुकीच्या जागी उभारलेली भिंत आपल्याच चौघांना आंधळं करते.

ग्वाल्हेरची तालीम कशी होती ते इथल्या जुन्या शिष्यांना विचारा. यमन, भूप, भैरव असे सरळ, प्रसिद्ध राग. अनवट रागांचा सोस नाही. बंदिश घोटून घोटून पाठ, कारण रागाची सगळी वाट बंदिशीतच आखलेली असते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आणि रामकृष्णबुवा वझे यांच्यासारखी माणसं ही विद्या मिळवायला महाराष्ट्रातून इतक्या लांब आली, हालअपेष्टा सोसून राहिली. शंकरराव पंडितांच्या नावानं कृष्णराव पंडितांनी 1914 मध्ये इथं गांधर्व महाविद्यालय काढलं, तिथंही पाया तोच. थोडं घ्यायचं आणि ते पुरतं मुरवायचं.

म्हणून नवशिक्याला माझं सांगणं आहे, एकच एजंट घे आणि तो साधा घे. ब्रिमस्टोन घे. खेळ सुरू करताना जे पाच एजंट फुकट मिळतात त्यांत तो आहेच. नकाशा उघडून तीन ठिकाणी धूर टाकायचा, बस्स. धूर कुठे पडला की शत्रूची नजर अडते हे शिकता शिकता नकाशाची सगळी दारं आपोआप पाठ होतात. किंवा सेज घे. भिंत घाल, वाट संथ कर, साथीदाराला बरं कर. एकही शत्रू न मारता सेज राउंड जिंकून देऊ शकते, आणि ज्याचा निशाणा अजून बसलेला नाही त्याला स्वतःचा उपयोग जाणवणं फार गरजेचं असतं. स्पर्धात्मक सामन्यांत एका वेळी सातच नकाशे असतात. सात नकाशे, एक एजंट. एवढी शिदोरी आयर्नमधून बाहेर पडायला पुरते. ओव्हरवॉच खेळणाऱ्यांनाही मी हेच सांगेन. तिथं पात्रांची यादी आणखी भुरळ घालणारी आहे आणि सामना चालू असतानाच पात्र बदलता येतं, त्यामुळे प्रत्येक मरणानंतर पात्र बदलणारी मुलं काहीच शिकत नाहीत.

आता कानाचं. या सदरात हा विषय पुन्हा पुन्हा येतो आणि पुढेही येईल. व्हॅलोरंटमध्ये पळणाऱ्याची पावलं ऐकू येतात, शिफ्ट दाबून चालणाऱ्याची येत नाहीत. शत्रू कोणत्या बाजूनं, किती जण, दगडावरून की धातूच्या पायरीवरून, हे चांगल्या हेडफोनमध्ये समजतं. अर्धा खेळ भिंतीपलीकडे चाललेला असतो आणि तो डोळ्यांना दिसतच नाही. तरी आमची मुलं एका कानात गाणी लावून खेळतात! 2023 मध्ये युनेस्कोनं ज्या ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला, जिथं दर डिसेंबरला हजिऱ्यात तानसेनच्या समाधीपाशी समारोह भरतो, तिथली मुलं ऐकायचं सोडून देतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझं तर ठाम मत आहे की जो मुलगा लहानपणी दोन वर्षं तबला शिकलाय तो पावलं लवकर ओळखेल. आईबापांनी पोराला महागडी खुर्ची घेऊन देण्याआधी एखाद्या गुरुजींकडे धाडावं. खेळ सुधारेल आणि घरात एक ठेका तरी वाजेल.

खेळातल्या पैशाचा विषय थोडक्यात. पहिल्या राउंडला प्रत्येकाकडे 800 क्रेडिट असतात, व्हँडल 2900 ची आहे. पाचांपैकी चौघं बचत करत असताना एकट्यानं बंदूक घ्यायची, तो पडला की ती बंदूकही शत्रूच्या हातात जाते, आणि पुढच्या राउंडला तो कफल्लक. सगळ्यांनी मिळून घ्यायचं, सगळ्यांनी मिळून थांबायचं. एवढं पाळलं तरी कित्येक सामने वाचतात. तसंच स्पाइकचं, म्हणजे हल्लेखोर लावतात त्या बॉम्बचं. लागल्यावर ती फुटायला 45 सेकंद लागतात, निकामी करायला 7. ती लावून झाली की शत्रू शोधत हिंडायचं कारण उरत नाही. येऊ दे की त्याला.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. गेल्या महिन्यात इथल्याच मुरारच्या एका मुलीनं कळवलं की ती माइक सुरूच करत नाही. आवाज मुलीचा आहे हे कळलं की साथीदारच घाण बोलायला लागतात. तिचा खेळ चांगला आहे, पण शत्रू कुठून येतोय हे ती कुणाला सांगू शकत नाही, म्हणून तिचा संघ हरतो आणि रँक तिची घसरते. नवख्या मुलांनाही हेच भोगावं लागतं, दोन चुका झाल्या की चौघं तुटून पडतात. इथं धीर धरायला सांगणं हा अन्याय आहे. पहिली शिवी ऐकू आली की स्कोअरबोर्ड उघडून त्या खेळाडूचा आवाज आणि मजकूर दोन्ही बंद करा. सामना संपला की तक्रार नोंदवा, दर वेळी नोंदवा. बोलता येत नसेल तर नकाशावर पिंग करा. शत्रू दिसला त्या जागी खूण करायला आवाज लागत नाही, आणि ती खूण मुंबईच्या सर्व्हरवर तमिळ मुलालाही समजते, बंगाली मुलालाही. शक्य असेल तर ओळखीच्या चौघांना गाठून पाच जणांचा आपला संघ करा. थाटीपूर, मुरार, लष्कर, कुठले का असेनात, एकमेकांची चूक पोटात घालणारे चार जण असले तर स्पाइकवर गुडघे टेकून बसलेल्या माणसाची पाठ कुणीतरी राखतं, आणि 7 सेकंद पुरे होतात.